लेकींचे दिवे

मराठी गल्ली, पापनाशम तालुका
९ फेब्रुवारी २०२४

अलमेलुअक्का,

नमस्कार लिहिते आहे. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या भावाच्या तेराव्यानंतर आपण बोललो नाही, त्याला बारा वर्षं होतील. पहिलं पत्र मी लिहावं असं मला अजूनही वाटत नाही. पण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

फोन केला असता. पण तुमची सून साईप्रिया फोन उचलते आणि स्पीकरवर ठेवते. मग मला तुमचा श्वास, कुकरची शिटी आणि टीव्ही सगळं एकदम ऐकू येतं, आणि माझं बोलणं तिकडे कोणकोण ऐकतंय ते कळत नाही. तमिळात लिहिलं तर कागद ओट्यावर राहिला की दूधवाली आधी वाचते. देवनागरी इथे आता कुणाला येत नाही. मला येते. हे गेल्यावर यांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसून मी शिकले. माणूस बोलला नाही, निदान पुस्तकं बोलतील असं वाटलं होतं. त्यांत अभंग होते आणि पोट साफ ठेवण्याचे उपाय. पण वाचायची सवय लागली ती लागली.

विचारायचं ते आधी विचारते. तुमचा दिवा तुमच्याजवळ पुण्याला आहे ना?

कारण सांगते. पोंगलनंतर विनुता नावाची एक पोर आपल्या गल्लीत यायला लागली. तंजावूरला कॉलेजात शिकते. दोनशे वर्षांत या गावात बायका किती होत्या आणि पुरुष किती, यावर ती अभ्यास करते म्हणे. माणसं मोजायला आलेला नंतर काहीतरी न्यायला येतो, असं माझं मत. मी तिला ताक दिलं, पण ओट्यावरच. आत घेतलं नाही.

"पाट्टी," मला आजी करून ती म्हणाली, "शंभर वर्षांपूर्वी तुमच्या गावात पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. पुरुष रंगूनला, पिनांगला गेलेले."

"आजही जास्तच आहेत. मोज. या गल्लीत नऊ बायका आणि अप्पाजी."

"आणि बाकीचे पुरुष?"

"सांगितलं ना, अप्पाजी."

मग मठाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या अप्पाजींनी तिला राममठाची मागची खोली उघडून दाखवली. थोड्या वेळाने पांढरी पडून माझ्या ओट्यावर आली. "पाट्टी, मुलगा झाला की मठात टाळांची जोडी ठेवायची, मुलगी झाली की समई, बरोबर? टाळ भिंतभर आहेत. समया सातच. इथे मुलींचं काय केलं?"

मला असा राग आला! म्हटलं, "काय केलं म्हणजे? लग्नं केली." मग तिला सांगितलं ते तुम्ही स्वतः करून गेला आहात. लग्नाच्या दिवशी मुलगी आपला दिवा पेटवून हातात घेते, मठाचा उंबरा ओलांडते, दिवा तिच्याबरोबर सासरी जातो. टाळ मात्र इथेच राहतात, मुलगा भले पिनांगला मरो. पोर ओशाळली, हसली, आणि मग अशी एक गोष्ट बोलून गेली की माझी झोप गेली.

"म्हणजे जे सात दिवे इथे आहेत ते न गेलेल्या मुलींचे."

बरोबर आहे. लहानपणी गेलेल्या, नाहीतर लग्न न झालेल्या. त्यांतल्या सहांची नावं मी तिला तिथल्या तिथे सांगितली. सातवं मला येईना.

या गावात चव्वेचाळीस वर्षं राहून येईना, याचं तुम्हाला नवल वाटणार नाही. लेकींचे दिवे लेकींनी घासायचे, सुनांनी हात लावायचा नाही. सासूबाईंनी पहिल्या रामनवमीलाच मला त्या खोलीच्या दारात थांबवलं होतं. तुम्ही आत चिंचेचा गोळा घेऊन बसला होता आणि माझं तोंड बघून हसला होता. यंदा रामनवमीआधी दिवे घासायला एकही लेक यायची नाही असं कळलं. अप्पाजींचा पाय गेलेला. शेवटी तेच म्हणाले, "वहिनी, नियम पाळायला माणसं कुठे उरली? तुम्हीच घासा."

घासताना उलटे केले. प्रत्येकाच्या बुडाला त्या त्या घराची खूण आहे, पंगतीला भांडी दिली की हरवू नयेत म्हणून घालतात तीच. सातव्याच्या बुडाला तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ.

ती आपल्या घराची खूण आहे, अक्का.

तुमचाच दिवा काही कारणाने मागे राहिला असेल तर तसं दोन ओळीत कळवा, म्हणजे माझं डोकं शांत होईल. दिवा मी होता तिथेच ठेवला आहे.

जयलक्ष्मी


२७ फेब्रुवारी

अलमेलुअक्का,

उत्तर आलं नाही. पण पत्र पोचलं, हे मला कळलं. तुमच्या गणेशकुमारने होसूरला आमच्या विश्वेशला फोन करून विचारलं, "मामीची तब्येत बरी आहे ना?" दहा वर्षांत त्याला मामी आठवली नाही. मग विश्वेशने मला फोन केला, "अम्मा, गोळ्या वेळेवर घेतेस ना?" मी म्हटलं, घेते.

तुम्ही सांगितलं नाहीत तेव्हा मी आपली शोधत बसले. तुमच्या लग्नाचा फोटो ट्रंकेत मिळाला. तुम्ही मठाच्या उंबऱ्यात उभ्या आहात, हातात दिवा आणि दिव्याच्या माथ्यावर हंस. या दिव्याला हंस नाही, साधी कळी आहे. अप्पाजी म्हणाले, कळीचे दिवे नाचियारकोविलहून आपल्याकडे फार उशिरा यायला लागले, तुमच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे हा तुमचा नाही.

मग कुणाचा? सासूबाईंना लेक एकच, तुम्ही. तुमच्यानंतर या घरात मुलगी झाली नाही. मला विश्वेश झाला, आणि त्याच्या आधी ते एक, ज्याला आकारच आला नव्हता. तेव्हा तुम्ही इथेच होता, गणेशकुमारच्या बाळंतपणाला आलेल्या. त्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही आणि आताही बोलत नाही. फक्त हिशेब लावते आहे. या घराच्या खुणेचा दिवा आहे आणि या घरात त्याची मुलगी नाही.

अप्पाजींना विचारलं. त्यांच्या हातून काठी पडली. उचलून दिली तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे ना वहिनी. पितळच आहे."

मठातला एक पेला कमी झाला तर गल्लीभर विचारत फिरणारा हा माणूस. आणि याला एक अख्खा दिवा नुसता पितळ वाटतो!

जाऊ देता येत नाही, त्याचं कारण वेगळंच झालं आहे. तंजावूरहून, राजवाड्याजवळ राहणारे मठाचे विश्वस्त येऊन गेले. छप्पर आता दुरुस्त होत नाही. रामाची मूर्ती तिकडे नेणार. भिंतीवरचे टाळ पेटाऱ्यांत जाणार. दिवे ज्याचे त्याने रामनवमीला न्यायचे. त्या घरच्या लेकीने यायचं, दिवा कुणाचा ते नाव सगळ्यांसमोर सांगायचं, आणि उचलून उंबऱ्याबाहेर न्यायचा. मी विचारलं, सुनेने नेला तर? अप्पाजी म्हणाले, "घासणं वेगळं, नेणं वेगळं." जे दिवे कुणी नेणार नाही ते वितळवून नव्या जागेसाठी घंटा ओतणार आहेत.

तेव्हा सरळ विचारते. तेराव्याच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात मला म्हणाला होता, "तुला काय माहीत त्याने काय सोसलं." मी म्हटलं होतं, "तीस वर्षं संसार मी केला, तुम्ही पाहुण्या." त्यावर तुम्ही बॅग उचललीत. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं बोलणं तुम्हाला लागलं. आता वाटतं, तुम्हाला पुढचं काही बोलायचं नव्हतं म्हणून तुम्ही गेलात.

तुमच्या भावाला दुसरीकडे मुलगी होती का?

जयलक्ष्मी


१४ मार्च

अलमेलुअक्का,

तुम्ही गप्प बसा. मी पापनाशमला जाऊन आले.

तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल, तुमचा भाऊ दरवर्षी आडि महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, एका दुपारी शाळेतून परस्पर पापनाशमला जायचा. म्हणायचा, त्या गाणाऱ्या हरिप्रियामामींची पेटी दुरुस्त करायची आहे. सायकलच्या हँडलला फुलांचा पुडा असायचा. पेटीला फुलं लागत नाहीत एवढं मलाही कळत होतं. पण मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, याची भीती होती.

परवा बसने गेले. मामी आता ब्याऐंशीच्या. कंबरेत वाकल्या आहेत, पण डोळे तसेच टोचणारे. दार उघडून मला खालपासून वर बघितलं.

"रघुपतीची ना तू? ये. इतक्या वर्षांनी भांडायला आलीस?"

"भांडायला नाही आले."

"मग तोंड असं का? पिशवीत काय आहे, उलथनं?"

पिशवीत केळी होती. ती काढून दिली. त्यांनी कॉफी दिली. भिंतीवर त्यांचा आणि नवऱ्याचा फोटो, मूल नाही. खोली एकच, मध्ये पेटी. तिच्यावर धूळ नव्हती. मी म्हटलं, "हे इथे कशाला येत होते?"

"पाळणा ऐकायला."

मला वाटलं त्यांना ऐकू कमी येतं. पुन्हा विचारलं.

"बारशाला म्हणतात तो आपला मराठी पाळणा ग! तुला तरी येतो का अख्खा? आता कुणाला येत नाही. वर्षातून एकदा यायचा, फुलं पेटीसमोर ठेवायचा, तिथे खांबाला टेकून बसायचा. म्हणायचा, मामी, पाळणा म्हणा. आणि बाळाचं नाव येतं ना, त्या जागी नाव घेऊ नका. नुसतं गुणगुणा."

"का?"

"मीही विचारलं, का रे? म्हणाला, नाव घेतलं तर मला उठून घरी जाता येणार नाही."

"कुणाचा पाळणा?"

"हेही विचारलं. म्हणाला, एका मुलीचा. पुढे मी विचारलं नाही. मी गाणारी बाई, पोलीस नव्हे. आणि ऐक, तुझ्या मनात जे घेऊन आली होतीस ना, ते जाताना बसमध्ये टाकून दे. तो माझ्याकडे बघतही नव्हता. गाणं संपेपर्यंत नेसत्या वेष्टीच्या टोकाने तोंड झाकून बसायचा."

मामींबद्दलचं मी टाकलं. पण बाकीचं उलट घट्ट झालं. एका मुलीचा. म्हणजे मुलगी होती. तिचं बारसं झालं, तिला नाव होतं, आपल्या मठात आपल्या खुणेचा दिवा तिच्यासाठी ठेवला गेला. दिवा तुमच्या लेकींच्या खोलीत गेला, म्हणजे तिथे घासायला बसणाऱ्या प्रत्येक लेकीला तो ठाऊक होता. तुम्हालाही. आणि मी दारात उभी राहून तुम्हाला चिंच आणि राख देत होते.

मी कोण आहे याची मला कल्पना आहे, अक्का. साधी बाई आहे. या वयात मी त्या मुलीचा दुस्वास करणार नाही. ती आज चाळिशीची असेल, तिलाही मुलं असतील. तिची आई कोण हे मला सांगू नका, नकोच. पण तिचं नाव सांगा आणि ती कुठे आहे ते सांगा. तिने रामनवमीला यावं आणि आपला दिवा न्यावा. बापाने आयुष्यभर नाव गिळलं. आता दिवाही वितळून घंटेत जावा, हे मला बघवणार नाही. मी तिला काही बोलणार नाही. एकदा तोंड बघेन. त्यांचं नाक आहे का, एवढंच.

जयलक्ष्मी


३ एप्रिल

अक्का,

काल तुम्ही स्वतः फोन केलात. मागे टीव्ही नव्हता, कुकर नव्हता. म्हणजे गच्चीवर जाऊन केलात. बारा वर्षांनी तुमचा आवाज ऐकला आणि तुम्ही काय विचारलंत? "जया, दिव्यात वात होती का?"

मी म्हटलं, होती, वाळून बुडाला चिकटलेली. टाकली.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग, "रामनवमी सतराला ना?" एवढं विचारून फोन ठेवलात.

रात्रभर मी त्या वातीचा विचार करते आहे. त्या वातीत काय होतं? मला आता सगळ्यांचाच संशय येतो. दूधवालीने जास्त दूध घातलं तरी येतो.

आणखी एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की दिवा होता तिथेच ठेवला. ते खोटं. पहिल्याच दिवशी पदराखाली घालून घरी आणला आणि तांदळाच्या पिंपामागे ठेवला. मला वाटलं, तो तिथे राहिला तर अप्पाजी कुठेतरी लपवतील. झालं असं, की विश्वस्तांसाठी अप्पाजींनी दिवे पुन्हा मोजले आणि सहाच निघाले. त्यांनी विनुताला धरलं. "मोजायला आलीस आणि उचलून नेलंस!" ती पोर रडत माझ्या ओट्यावर आली. म्हणाली, "पाट्टी, मी फक्त किती ते मोजते. वस्तूला हातसुद्धा लावत नाही. तुम्ही सांगा ना त्यांना."

तिच्याबद्दल मीच आधी तसं बोलले होते, नाही का, मोजायला आलेला न्यायला येतो म्हणून. नेणारी घरातच बसली होती. मी तिला पहिल्यांदा आत घेतलं. कॉफी दिली. पिंप सरकवलं आणि दिवा तिच्या समोर ठेवला. तिने खूण बघितली, मग भिंतीवरच्या डब्यांवरची खूण बघितली. हुशार आहे. काही विचारलं नाही. दोघी मिळून दिवा घेऊन मठात गेलो. मी अप्पाजींना सांगितलं, "मी नेला होता. पोरीची माफी मागा."

त्यांनी तिची माफी मागितली आणि वळून मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीच नेलात तर ती चोरी नव्हे." मग जीभ चावली.

याचा अर्थ काय, अक्का?

जया


२९ एप्रिल

अक्का,

तुम्ही पुण्याला सुखरूप पोचल्याचं गणेशकुमारने कळवलं. गुडघ्यांना तेल लावा. या वयात इतका लांबचा प्रवास, आणि परतीला वरचा बर्थ! त्याला मी रागावले आहे.

रामनवमीला जे झालं ते तुम्हीच केलंत, तेव्हा तुम्हाला ते सांगण्यात अर्थ नाही. पण मला ते माझ्या हाताने लिहून बघायचं आहे. बारा दिवस झाले तरी मला वाटतं, मी दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकली.

सहा दिवे गेले. कुठे भाची आली होती, कुठे चुलत बहीण. प्रत्येकीने नाव सांगितलं, उचलला, नेला. सातव्यापाशी विश्वस्तांनी विचारलं, "याचं कोण?" मी मठाच्या दाराकडे बघत होते. त्यांच्या नाकाची एक चाळिशीची बाई आत येईल म्हणून. आत आलात तुम्ही, गणेशकुमारच्या खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं, ती मागे असेल. तुमच्या मागे कुणीच नव्हतं.

तुम्ही दिवा हातात घेतलात आणि म्हणालात, "नंदिता. रघुपती आणि जयलक्ष्मीची मुलगी."

माझं नाव मला आधी ऐकूच आलं नाही. विनुताने माझा दंड धरला तेव्हा कळलं की मी खाली बसते आहे.

नंतर आमच्या स्वयंपाकघरात तुम्ही सगळं सांगितलंत. बाळंत होतानाच मला फिट आली, शुद्ध गेली, तंजावूरला नेलं, महिनाभर तापात मी कुणाला ओळखत नव्हते. ती घरी होती. तुम्हाला दूध होतं, एका बाजूला गणेशकुमार आणि एका बाजूला ती. बाराव्या दिवशी बारसं झालं, कारण ती चांगली होती, रडत होती, पीत होती. पाळणा तुम्ही म्हटलात. मठात दिवा ठेवला. आणि तीन आठवड्यांची असताना सकाळी उठली नाही. मला अजून धक्का द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सासूबाईंनी ठरवलं, तिला सांगा, नुसता गोळा निघाला, आकार आला नव्हता. बरी झाली की खरं सांगू.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

तुम्ही म्हणालात, "घरी आलीस त्या दिवशी तूच मला म्हणालीस ग. अक्का, बरं झालं आकार आला नव्हता. बाळ असतं आणि गेलं असतं तर मी जगले नसते. ओट्यावर बसून म्हणालीस. रघू दारात उभा होता. ते ऐकल्यावर त्याने माझ्याकडून शपथ घेतली."

मला ते बोलल्याचं आठवत नाही. पण बोलले असेन. तेव्हा मी तशीच बोलायची, पटकन.

गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं. एकेक करत ते गेले. उरले अप्पाजी. तुमच्या भावाबद्दल मी इतकी वर्षं आणि विशेषतः हे तीन महिने जे मनात आणलं, त्याची मला लाज वाटते. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. एवढं मोठं दुःख एकट्याने वापरलं त्यांनी. निम्मं माझं होतं.

आता वातीचं.

तुम्ही सांगितलंत की तिला गुंडाळायचं दुपटं माझ्या निळ्या काठाच्या साडीचं होतं, आणि ती गेल्यावर सगळे कपडे तिच्याबरोबर दिले, फक्त एक पट्टी तुम्ही फाडून ठेवलीत. तिची वात वळून दिव्यात घातलीत, न पेटवता. दर रामनवमीला दिवा घासताना ती वात काढायची, पुन्हा घालायची. म्हणून फोनवर पहिलं तेच विचारलंत. आणि मी टाकली म्हटल्यावर बोलू शकला नाहीत.

मी ती टाकली नव्हती, अक्का.

माझ्यासारखी संशयी बाई काही टाकत नाही. दिवा आणला त्याच दिवशी वात सोडवून गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत घातली होती. म्हटलं, पुरावा आहे, पुढे लागेल. फोनवर तुम्ही इतक्या घाईने विचारलंत तेव्हा वाटलं, हिला ती हवी आहे तर सांगायचं नाही. आणि रामनवमीला, स्वयंपाकघरात, तुम्ही वातीसाठी रडत होता तेव्हाही मी गप्प राहिले. बाटली तुमच्या डोक्याच्या वरच्या फळीवर होती. तुम्ही बेचाळीस वर्षं माझ्यापासून ठेवलंत. मी तुमच्यापासून बारा दिवस ठेवलं. तेवढं मला ठेवायचंच होतं.

काल बाटली उघडली. वात कोमट पाण्यात भिजवली, हळूहळू उलगडली. तेल नव्हतंच कधी तिला, म्हणून कापड कुजलं नाही. बोटभर रुंद पट्टी, एका कडेला निळे धागे. हुंगली. कसलाच वास नाही, पितळेचा थोडा. मध्ये कापून दोन भाग केले. एक माझ्याजवळ आहे. एक या पाकिटात आहे. पाकीट उघडताना जपून उघडा, नाहीतर साईप्रिया कचरा म्हणून झटकेल.

दिवा देवघरात ठेवला आहे. तो उंबऱ्याबाहेर तुम्ही आणलात, म्हणजे अप्पाजींचा नियमही राहिला. विनुता परवा येऊन गेली. तिने आपल्या मोजणीत एक मुलगी वाढवली. विचारत होती, किती वर्षांची लिहू. मी म्हटलं, वर्षाची जागा मोकळी ठेव, नाव लिही.

एक काम आहे. आडि महिना जवळ येतो आहे. हरिप्रियामामींचा आवाज आता चढत नाही, मला पाळणा अख्खा येत नाही. तो तुम्हालाच येतो, तुम्हीच म्हटला होता. दिवस तुम्हाला माहीत आहे. त्या दुपारी फोन करा आणि म्हणा. नावाच्या जागी नाव घालून म्हणा.

गच्चीवर जायची गरज नाही. तिकडे कोण ऐकतंय ते मी विचारणार नाही. मीही इकडे फोन दिव्यापाशी ठेवीन आणि स्पीकरवर लावीन.

तुमची
जया